बाबा गेले तेव्हा मी शांत होते

बाबा गेले आणि मी रडले नाही. त्याबद्दल विहारात माझा सत्कार व्हायचा तेवढा बाकी राहिला होता.

बोरगावला, माझ्या माहेरी, बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बाबा संत्रा तोडणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यांच्या टोळीतली भलीदांडगी माणसं फोटोसमोर उभी राहून लहान पोरांसारखी रडत होती. एकाने सांगितलं, मुकादमाने जन्मात कधी पहिली फोड स्वतःच्या तोंडात टाकली नाही. खरंच होतं ते. संत्रं सोललं की पहिली फोड शेजारी बसलेल्याची, मग तो मालक असो की टोपली उचलणारा. "पयली फोड आपली नसते," म्हणायचे. हे ऐकून माझी माय खाली बसली. मी तिला पाणी दिलं, सतरंजीची सुरकुती सरळ केली आणि खीर पुरेल का ते बघून आले.

पांढुर्ण्याहून, म्हणजे माझ्या सासरहून, आमच्या विहारातल्या बायका आल्या होत्या. त्यांच्यातल्या सरोजाबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या माईकवर म्हणाल्या, "आपण नुसतं अनित्य अनित्य म्हणून राहिलो. हे सुजाता पाहा. सख्खा बाप गेला, पण डोयात टिपूस नाई. याले म्हणतात उपेक्षा, मनाचा समतोल. हे पोरगी धम्म जगून राहिली."

बायकांनी माना डोलावल्या. मी हात जोडले. मला तेव्हा अभिमान वाटला असं लिहायला हरकत नव्हती, पण अभिमानही वाटला नव्हता. काहीच वाटलं नव्हतं. आणि हे काहीच न वाटणं म्हणजे आपल्या साधनेचं फळ आहे, असं मीही धरून चालले होते.

दूध

माझी मुलगी मैत्री सौंसरला झाली. बाळंतपण सरळ झालं, पण रक्त थांबेना. मला आठवतं ते एवढंच की पायाकडची बाई "अजून कपडा आण, अजून आण" म्हणत होती आणि तिचा आवाज लांब लांब जात होता. मग गाडीतून नागपूर. तिथे रक्ताच्या बाटल्या चढवल्या आणि मी वाचले. घरी आल्यावर सगळे एकच वाक्य बोलत, पोरगी वाचली बाप्पा. वाचलेल्या माणसाने तक्रार करायची नसते, म्हणून मीही केली नाही.

दूध मात्र आलं नाही. सासूबाईंनी मेथीचे लाडू केले, अळिवाची खीर केली, शतावरी आणली. मी सगळं खाल्लं. थेंब नाही. गल्लीतली एक म्हातारी बाळ बघायला आली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "दुधाबिगर माया कायची वो?" सासूबाईंनी तिला चहा न देता वाटेला लावलं. आमच्या सासूबाईंचा हा गुण आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे त्या थोड्या वाईट दिसतील.

पाळी परत आली नाही. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या. आवाज जाड झाला. मे महिन्यात, आमच्याकडे कुत्री नालीत जाऊन झोपतात त्या उन्हात, सगळं घर कूलरसमोर पडलेलं असे आणि मी आतल्या खोलीत स्वेटर घालून. मैत्रीच्या पप्पांना (ते वीज खात्यात लाइनमन आहेत) लोक विचारत, "काऊन गा, वहिनी काश्मीरच्या आहेत काय?" तेही हसत. मीही हसले असणार.

मी शिक्षिका आहे. जवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. तिथे माझं नाव शांत मॅडम. पोरांनी फळ्यावर माझं चित्र काढलं तरी मी ओरडत नसे. गोटमारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, दिवशी दीर कपाळ फोडून घेऊन घरी आले, शर्ट रक्ताने भिजलेला, सासूबाई छाती बडवताहेत, आणि मी विचारलं, "चहा ठेवू का?" ही गोष्ट घरात वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगितली गेली.

शेजारीण एकदा म्हणाली, हिला जामसांवलीच्या मारुतीला घेऊन जा, काही बाहेरचं असेल. सासूबाई ताडकन उठल्या. "आमच्या घरी बाहेरचं-फिहेरचं काई मानत नाई. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आमी." त्यांचं बरोबरच होतं. बाहेरचं काही नव्हतंच. मग काय होतं? डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी सांगितली, ती ठीक आली. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. आळस आहे, असं सासूबाईंचं मत पडलं. मन कमजोर आहे, असं मैत्रीच्या पप्पांचं. सरोजाबाईंनी मला नागपूरजवळच्या दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला पाठवलं. तिथे बाकीच्या बायका गुडघ्यांनी कळवळत होत्या, रात्री जुन्या आठवणींनी रडत होत्या. मी भिंतीसारखी बसून राहिले. शिकवणाऱ्या ताईंनी मला इतरांना दाखवलं. तिथून मी परतले ती साधिका होऊन. मग आळशी म्हणणं बंद झालं. खरं सांगू, मला तेवढंच पुरेसं होतं.

मैत्री

मैत्रीचं पहिलं वर्ष बहुतेक बोरगावलाच गेलं. मला उठवत नसे, म्हणून बाटलीने दूध बाबांनीच पाजलं. टोळी घेऊन जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा. ती त्यांना आबा म्हणायची.

पांढुर्ण्याला आल्यावरही ती माझी कधी झाली नाही. मी तिला वेळेवर जेवू घालायची, वेणी घालायची, अभ्यास घ्यायची. ती पडली तर जखम धुऊन हळद लावायची. पण पडल्यावर ती धावायची ती आजीकडे. शाळेत नंबर आला तर सांगायची पप्पांना. एकदा मी स्वयंपाकघरात होते आणि ती ओसरीवर मैत्रिणीशी बोलत होती. मैत्रीण म्हणाली, चल, तुझ्या मम्मीला सांगू. मैत्री म्हणाली, "तिले नको सांगू. तिले काई वाटत नाई."

रागाने नाही, तक्रारीनेही नाही. नळाला पाणी नाही, असं सांगावं तसं म्हणाली. मी पोळी उलटली. माझ्या मुलीवर माझी माया आहे की नाही, हे मला त्या क्षणी खरोखर माहीत नव्हतं. आत शोधून पाहिलं, तर तिथे काही हलत नव्हतं. एवढी एकच गोष्ट मला उपेक्षेच्या हिशेबात बसवता येत नव्हती. ती मी विहारात कोणाला सांगितली नाही.

निदानाचा दिवस

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. बुद्धपौर्णिमेच्या आसपास मला जुलाब लागले. घरात सगळ्यांनाच लागले होते, पण बाकीचे सावरले. मी न्हाणीघरात पडले. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात रक्तदाब मिळेना, साखर उतरलेली, अंगातलं मीठ उतरलेलं. पुन्हा गाडी, पुन्हा नागपूर.

तिथल्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझी पापणी ओढून पाहिली, काखेत केस उरलेत का ते पाहिलं, भुवया पाहिल्या. मग माझ्याकडे न बघता सासूबाईंकडे वळली.

"आजी, हिच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का?"

"गेल्तं ना वो. मरता मरता वाचली."

"दूध आलं होतं?"

सासूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारू दिला नव्हता. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "थेंब नाई. पण तिचा दोष नाई मॅडम, म्या सारं करून पाह्यलं."

"दोष कोणाचाच नाही," डॉक्टरीण म्हणाली.

दोन प्रश्न. बाकी तपासण्या नंतर झाल्या, डोक्याचा फोटोही निघाला, पण निदान त्या दोन प्रश्नांतच झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिने समजावून सांगितलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाळंतपणात ती फुगलेली असते, तिला रक्त जास्त लागतं. तेव्हा रक्त गेलं आणि ती वाळली. तीच बाकीच्या ग्रंथींना कामाला लावते. थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी, पाळी, दूध, सगळ्यांना.

मी म्हटलं, "म्हणजे मुकादम."

ती नागपूरची. तिला कळायला क्षण लागला. मग म्हणाली, "हो. टोळी धडधाकट आहे, पण मुकादम गेला. कामाला हाक मारणारंच कोणी नाही. तुमची ती थायरॉइडची तपासणी म्हणूनच ठीक आली. थायरॉइड बिघडली की मुकादम जास्त हाका मारतो, त्या तपासणीत त्या वाढलेल्या हाका मोजतात. तुमच्यात तो बिघाडच वेगळ्या जागी होता."

मैत्रीचे पप्पा खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी विचारलं, "मग ते तिचं थंड थंड राहणं? म्हणजे... काई न वाटणं?"

"हेच आहे ते."

"शिबिराले पाठवलं आमी तिले," ते म्हणाले, आणि बाहेर निघून गेले.

मी डॉक्टरणीला विचारलं, "म्हणजे मी शांत नव्हते?"

"घाबरायला, चिडायला, रडायलाही शरीरात काहीतरी लागतं ताई. ते तुमच्यात नव्हतं."

मला धक्का बसायला हवा होता. माझ्याजवळ मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, तीही आजार निघाली. मी छताचा पंखा बघत पडले आणि विचार केला, की याचं वाईट पुढे कधीतरी वाटेल.

वॉर्ड

दवाखान्यातले दिवस एकमेकांत मिसळले आहेत. पहाटे रक्त घ्यायला येत, कारण त्या तपासणीला सकाळचंच रक्त लागतं. मग चहा, मग राउंड. माझ्या खाटेभोवती शिकणारी पोरंपोरी गोळा होत. आजार जुन्या पुस्तकांतला, पण अशी बाई समोर बघायला मिळणं त्यांना नवं होतं. प्रत्येक जण तेच दोन प्रश्न विचारी, आणि सासूबाई प्रत्येकाला उत्तर देत. पहिल्या दिवशी कुजबुजत दिलं, तिसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात. शेवटी शेवटी तर, पोरांनी तोंड उघडायच्या आत, "रक्त गेल्तं, दूध नाई आलं, लिहून घ्या!"

शेजारच्या खाटेवर मोहगावची एक बाई होती, साखरेच्या आजाराची. मला थंडी वाजते हे बघून तिने आपली शाल मला दिली आणि स्वतः पदर लपेटून झोपली. मी नको म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. त्या शालीला कडुलिंबाच्या पाल्याचा वास होता. तिचं नावही मी विचारलं नाही. आज ते फार लागतं.

मैत्रीला एकदाच आणलं होतं. ती खाटेपासून दोन हात लांब उभी राहिली आणि नर्सला विचारलं, "ही मरते का?" नर्स म्हणाली, नाही गं, गोळ्या घेतल्या की ठणठणीत. मैत्रीने विचारलं, "कोणती गोळी? केव्हा?" नर्सने दाखवलं. पोरीने दोनदा म्हणून घेतलं. घरी आल्यापासून गोळीचं खातं तिच्याकडे गेलं ते आजतागायत. सकाळी उठायच्या आत ती पाणी आणि गोळी घेऊन उशाशी हजर. बोलत काही नसे. घेतली का ते बघून शाळेच्या तयारीला लागे.

अभ्यास

नागपूरच्या त्या विभागात माझ्यासारख्या बायकांचा अभ्यास चालू होता. इतकी वर्षं हार्मोनशिवाय राहिल्यावर हाडांचं काय होतं, हृदयाचं काय होतं, मनाचं काय होतं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तरी काही वाटावं लागतं.

तपासणीला गेले की दर खेपेला एक पोरगी प्रश्न विचारी. थकवा किती, झोप कशी, ते सोपं होतं. मग विचारी, "ताई, शेवटचं कधी रडलात?" मला आठवत नसे. ती म्हणे, अंदाजे सांगा. मी सांगितलं, माझ्या लग्नात. तिला वाटलं मी गंमत करतेय. अभ्यासातून काय निघालं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पण तिथल्या बाकड्यावर पहिल्यांदा मला माझ्यासारख्या दुसऱ्या बायका भेटल्या. भर उन्हात स्वेटर घातलेल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि बाजूला सरकून जागा दिली.

विहारात ही गोष्ट मी स्वतःच सांगितली. सरोजाबाईंचा चेहरा पडला. वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळाभर मुक्कामाला, आलेले भंतेजी पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "बाई, न वाटणं म्हणजे उपेक्षा नव्हे. वाटतं, पूर्ण वाटतं, तरी तोल सुटत नाही, तिले उपेक्षा म्हणतात. आमी पण पाह्यलं नाई बरोबर. तुमी पहिले बऱ्या व्हा. चिडा. रडा. मग ध्यानाचं पाहू."

वाचणाऱ्या बहिणींसाठी

मी डॉक्टर नाही, म्हणून थोडकंच. बाळंतपणात खूप रक्त गेलं असेल, दूध उतरलं नसेल, पाळी परतली नसेल, आणि तेव्हापासून सतत थंडी, थकवा, सुस्ती असेल, तर या गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा. कितीही वर्षं झाली असली तरी सांगा. आपल्याकडे दुधाची गोष्ट बाई आणि तिची सासू दोघी मिळून दडवतात. दडवू नका. निदान झालंच, तर गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, उपासातही नाही, बरं वाटलं तरी नाही. ताप-जुलाब आले तर काय करायचं ते आधीच विचारून ठेवायचं. आणि तुम्हाला कोणी आळशी म्हणालं, तर एकदा रक्त तपासा. साध्वी म्हणालं, तर दोनदा तपासा.

परत येणं

मला वाटलं होतं गोळी सुरू झाली की दिवा लागावा तसं होईल. तसं होत नाही. आधी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचं काम करणारी ती एक गोळी, मग काही दिवसांनी थायरॉइडची. पहिली भूक आली. मग एक दिवस वर्गात मला उकडलं आणि मी स्वेटर काढला, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग राग आला. सासूबाईंनी भाजीत परत तिखट जास्त घातलं आणि मी ताट सरकवून म्हटलं, "किती वेळा सांगायचं?" दीर हातातला घास तसाच धरून बसले. सासूबाई आधी बावरल्या, मग हसायलाच लागल्या. "आली बाप्पा, सून आली घरी." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनाही राग आला, आणि आता आमचं सासू-सुनेचं रीतसर चालू आहे.

पण मैत्रीशी काही बदललं नव्हतं. तिची सवय पक्की झाली होती. मी तिला जवळ घेतलं तर ती आखडून उभी राही, डॉक्टर तपासत असल्यासारखी. आणि खरं तर मलाही घाई नव्हती. राग येत होता, भूक येत होती, पण ते दुसरं अजून जागच्या जागी निपचित होतं. ते कधीच आलं नाही तर, असं वाटून मी पहिल्यांदा घाबरले. त्या घाबरण्याचंसुद्धा मला कौतुक वाटलं.

मग संत्र्याचा हंगाम आला. माझा भाऊ बोरगावहून पिशवीभर संत्री देऊन गेला. रविवार होता, दुपार. मी ओसरीवर पोरांच्या वह्या तपासत होते. मैत्री पिशवीतलं एक संत्रं घेऊन शेजारी येऊन बसली. तिने ते खालच्या बाजूने सोललं, आमचे बाबा सोलायचे तसंच, अंगठा आत घालून. पांढऱ्या शिरा एकेक करून काढल्या. पहिली फोड सुटी केली आणि वहीवरून माझ्यासमोर धरली.

"घे."

"तू खा ना."

"पयली आपली नसते," ती म्हणाली. "आबा म्हणे."

मी फोड तोंडात टाकली. आंबट होती. बाबा मरून पावणेदोन वर्षं झाली होती. आणि ते आत्ता, या ओसरीवर, मेले. माझ्या पोटातून कसला तरी आवाज निघाला, तो माझाच आहे हे मला कळलं नाही. वह्या मांडीवरून खाली गेल्या. मी रडत होते, बाबांसाठी, त्यांनी बाटलीने पाजलेल्या या पोरीसाठी, तिच्या हातात उरलेल्या अर्ध्या संत्र्यासाठी. आणि मला सगळं लागत होतं.

मैत्री घाबरली. तिने मला असं कधी पाहिलंच नव्हतं. जन्मल्यापासून नाही. ती उठून आत पळाली. मला वाटलं आजीला बोलवायला गेली. पण ती परत आली ती एकटीच, एका हातात पाण्याचा गिलास, पाणी हिंदकळून फ्रॉकवर सांडलेलं, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळी.

"मम्मी, गोळी घे. सकायची विसरली का तू? घे ना लवकर."

मी तिची मूठ धरली. "घेतली व माय," मी म्हटलं. "घेतली, म्हणूनच रडून राहिली."